अर्धा दिवस हिशेब, अर्धा दिवस रंग

चित्रकार भूपेन खख्खरांचा जन्म १० मार्चचा. त्या दिवशी त्यांच्याबद्दल काहीतरी लिहावं असं दरवर्षी मनात येतं आणि दरवर्षी राहून जातं, कारण मार्चमध्ये हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला मान वर करायला सवड नसते. व्हाउचरं अर्धवट असतात, बँकेचा मेळ लागत नसतो, आणि कोणीतरी क्लायंट ऐन वेळी पिशवीभर बिलं आणून टेबलावर ओततो. खख्खरांना हे सगळं ठाऊक होतं. ते रीतसर चार्टर्ड अकाउंटंट होते आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही कित्येक वर्षं बडोद्यात अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत होते. यंदा कामं थोडी आटोक्यात आहेत, म्हणून लिहायला घेतलं.

मी बडोद्याची. आमचं घर दांडिया बाजारात. घरात मराठी, जिना उतरला की गुजराती. बी.कॉम. झाल्यावर एका सीएंच्या हाताखाली काम शिकले, आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे. माझे बरेचसे क्लायंट रावपुरा आणि मांडवीच्या आसपासचे दुकानदार. घड्याळवाले आहेत, शिंपी आहेत, एक केशकर्तनालय आहे, दोन स्टेशनरीवाले आहेत. हे आधीच सांगते, कारण खख्खरांची चित्रं मी चित्रकलेच्या वाटेने पाहायला गेले नाही. मी या माणसांच्या वाटेने गेले.

खख्खर मुळात मुंबईचे, खेतवाडीतले. जन्म १९३४ चा. चार भावंडांत धाकटे, वडील लहानपणीच गेले. कॉलेजपर्यंत पोचलेले ते घरातले पहिलेच. गुजराती घरातला मुलगा सीए झाला म्हणजे घराचं भलं झालं, असा तो काळ. पण हा मुलगा संध्याकाळी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्गांना जाऊन बसायचा. १९५८ मध्ये त्यांची गुलाममोहम्मद शेख यांच्याशी ओळख झाली. शेख बडोद्याच्या फाइन आर्ट्सचे विद्यार्थी, कवी आणि चित्रकार. त्यांनी बडोद्याला यायचा आग्रह धरला आणि १९६२ मध्ये खख्खर सगळं मागे टाकून आले. आईला आणि घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मला चांगलं कळतं. माझ्या ऑफिसात सीएच्या परीक्षेत अडकलेली मुलं येतात. त्यांच्यातल्या एखाद्याने सीए पूर्ण करून मग चित्रं काढायला गाव सोडलं, तर त्याच्या घरी काय होईल, हा विचारही करवत नाही.

इथे आल्यावर त्यांनी चित्रकलेला नाही, कलासमीक्षेला प्रवेश घेतला आणि त्यात एम.ए. केलं. चित्रकलेचं पद्धतशीर शिक्षण असं त्यांचं झालंच नाही. त्यांच्या चित्रांतली माणसं थोडी ताठर, हातपाय थोडे अवघडलेले दिसतात, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण असं की त्यांना ते तसंच हवं होतं. फ्रान्समधला जकातनाक्यावर नोकरी करणारा, स्वतःच शिकलेला चित्रकार आंरी रुसो त्यांना फार प्रिय होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली साहेबांसाठी काढलेली चित्रं, राजस्थानातल्या नाथद्वाराची श्रीनाथजींची चित्रं, बाजारातली देवादिकांची कॅलेंडरं, हे सगळं ते मन लावून पाहत.

बडोद्याला यायला हा काळ फार चांगला होता. महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झालेली. चित्रकला शिकवायला मूळचे इंदूरचे आपले नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधरी, पुढे के. जी. सुब्रमण्यन. शहराला चित्रांची सवय त्याआधीपासून होती. सयाजीरावांनी राजा रविवर्म्यांकडून रंगवून घेतलेली चित्रं राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये आजही आहेत. गायकवाडांचं स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी महाभारत आणि मीराबाई रंगवलेली आहे. आम्हाला शाळेच्या सहलीत हे सगळं दाखवायचे. तेव्हा पाय दुखतात एवढंच कळायचं.

खख्खरांचं पहिलं प्रदर्शन १९६५ मध्ये मुंबईत झालं. त्यात त्यांनी छापील देवांची चित्रं कापून आरशांवर चिकटवली होती, त्यांवर ढोबळ रंग फासले होते, भिंतींवर पोरं लिहितात तसं काही लिहिलं होतं. रस्त्याच्या कडेला झाडाखाली असलेलं देऊळ आठवा. शेंदूर, आरसा, फाटका फोटो, कोणीतरी खिळ्याने कोरलेलं नाव. तसंच ते. गॅलरीत त्या काळी अमूर्त चित्रांचा दबदबा होता, त्यामुळे अनेकांना हा प्रकार काय आहे ते कळलं नाही. मला स्वतःला ही कोलाजं तेवढी भिडत नाहीत. ती एका हुशार माणसाने केलेली वाटतात. पुढची चित्रं एका प्रेमळ माणसाने केलेली वाटतात, आणि हा फरक मला मोठा वाटतो.

ती पुढची चित्रं म्हणजे १९७२ च्या आसपासची. ‘जनता वॉच रिपेअरिंग’. ‘डीलक्स टेलर्स’. न्हाव्याचं दुकान. चहाच्या दुकानातून दिसणारा रस्ता. कारखान्यातला संप. एक हिशेबनीस. पलंगावर निवांत पडलेले रणछोडभाई. चित्रांची ही नावं लागोपाठ वाचली की मला माझ्या कपाटातल्या फायलींचे कणे वाचल्यासारखं वाटतं.

‘जनता वॉच रिपेअरिंग’कडे जरा जवळून पाहू. दुकान, घड्याळं, त्यांच्यामध्ये बसलेला दुरुस्तीवाला आणि वर पाटी. पाटी पाटीसारखीच रंगवलेली आहे, रंगाऱ्याने पट्टी धरून काढावी तशा अक्षरांत. दुकानदाराच्या आयुष्यात पाटी ही फार मोठी गोष्ट असते. मी क्लायंटच्या मागे लागते की बाबांनो, जीएसटीचा नंबर पाटीवर हवा, तपासणीला कोणी आलं तर पंचाईत होईल. ते नंबर कुठेतरी कोपऱ्यात कागदावर लिहून चिकटवतात, कारण वडिलांनी रंगवून घेतलेल्या पाटीला हात लावायला कोणी तयार नसतं. त्या पाटीत दुकान सुरू झालं तो दिवस असतो, नावावरून झालेला वाद असतो, भागीदार सुटला असेल तर त्याचं पुसलेलं आडनाव असतं. खख्खरांनी पाटी चित्राच्या कडेला ढकलली नाही. तिला तिच्या मालकाच्या लेखी जेवढी जागा असते तेवढी दिली.

आणि घड्याळवाला. घड्याळवाल्याचा दिवस कसा जातो हे ज्याने पाहिलंय त्यालाच हे चित्र पूर्ण कळेल. एका डोळ्याला भिंग लावून, मान वाकवून, चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलायची. आवाज फारसा नाही. गिऱ्हाईक कमी. अवतीभवती सगळीकडे वेळ टांगलेली, आणि प्रत्येक घड्याळात वेगळी. दुपारी दोन ते चार या रस्त्यावर काहीच घडत नाही. खख्खरांच्या त्या काळातल्या चित्रांत हीच दुपार आहे. त्यांच्या माणसांना कुठे जायचं नाही. ती कोणाची वाट पाहत नाहीत, दुःखात आहेत असंही नाही. ती दुकानात आहेत, बस्स. माझ्या माहितीत त्याआधी आपल्याकडे कोणी एवढ्या साध्या वेळाला मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात बसवलं नव्हतं. शेतकरी रंगवले गेले, मजूर रंगवले गेले, डोक्यावर घागर घेतलेल्या बायका तर किती! पण पैसे फार नाहीत, गरिबीही नाही, सायकल आहे, दुकानाचं भाडं थकलेलं नाही, अशा माणसाकडे पाहायला चित्रकारांना वेळ नव्हता.

त्यांच्या चित्रांबद्दल ‘गमतीदार’, ‘विनोदी’, ‘मध्यमवर्गाची टिंगल’ असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. गंमत आहे, नाही कोण म्हणतं? गुलाबी आणि पोपटी रंग एकमेकांशेजारी ठेवून कोणी गंभीर राहू शकत नाही. पण टिंगल करणारा माणूस लांब उभा असतो. खख्खर लांब नव्हते. अर्धा दिवस रंगांत बुडालेला हा माणूस दिवसाचा उरलेला भाग अशाच लोकांबरोबर टेबलाला टेबल लावून बसत होता, त्यांच्यासारखाच पगार घेत होता, त्यांच्याबरोबर चहा पीत होता. हिशेब लिहिणाऱ्याला माणूस आतून कळतो. कोणाचं उत्पन्न किती घटलंय, कोण मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढतोय, कोण भावाला गुपचूप पैसे देतोय, हे बायकोच्या आधी आम्हाला कळतं. आणि ते कुठे बोलायचं नसतं. ही सवय लागली की माणसाकडे हसून पाहता येतं, पण त्याच्यावर हसता येत नाही. खख्खरांच्या चित्रांतला सगळा लोभ या नोकरीतून आला असं मी म्हणणार नाही. पण नोकरीने तो टिकवला, असं मला ठामपणे वाटतं. तिकडे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत सुधीर पटवर्धनांनी लोकल, इमारती आणि कामगार रंगवले. त्यांची आणि खख्खरांची रीत पूर्ण वेगळी, तरी मला हे दोघे जवळचे वाटतात. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात दोघांची चित्रं एकत्र लागली होती. शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरीही त्यात होते.

मला सगळ्यात आवडतं ते चित्र १९७५ चं, ‘प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला माणूस’. दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते पाहिलं. मध्ये एक माणूस सरळ समोर तोंड करून उभा. हातात गुच्छ. चेहऱ्यावर काहीच नाही, म्हणजे स्टुडिओत फोटो काढून घेताना ‘हलू नका’ म्हटल्यावर जे उरतं तेवढंच. त्याच्या भोवती लहान लहान प्रसंग रंगवलेले, घरातले, रोजचे. देवाच्या पटचित्रात मध्ये देव आणि बाजूला त्याच्या लीला असतात ना, ती मांडणी. इथे मध्ये देव नाही, एक साधा गृहस्थ आहे, आणि बाजूला त्याच्या लीला म्हणजे त्याचं घर.

आणि फुलं प्लॅस्टिकची! ज्यांचं बालपण त्या दशकांत गेलं त्यांना सांगायला नको. आमच्या घरी टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर पितळी फुलदाणी आणि तीत लाल-पिवळी प्लॅस्टिकची फुलं होती. दिवाळीच्या आधी आई ती निरम्याच्या पाण्यात बुडवायची, जुन्या दातघासणीच्या ब्रशने पाकळी न् पाकळी घासायची आणि गच्चीवर वर्तमानपत्र पसरून वाळवायची. मधल्या पिवळ्या केसरात धूळ बसायची ती काही केल्या निघत नसे. कोणाला ती फुलं खोटी वाटली नाहीत. ती टिकाऊ होती, धुता येत होती, पाहुण्यांना दिसत होती, आणि घरात काहीतरी कायमचं सुंदर असावं या इच्छेने विकत घेतलेली होती. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले. तो माणूस तो गुच्छ ज्या गांभीर्याने धरून उभा आहे, त्या गांभीर्याची कोणीतरी किंमत केली, हे पाहून भरून आलं.

स्वभावाने खख्खर गमत्ये होते, हे खरं. १९७२ च्या कॅटलॉगसाठी त्यांनी स्वतःचे जेम्स बाँडसारखे, बॉडी-बिल्डरसारखे पोज देऊन फोटो काढून घेतले. शेखांबरोबर १९६९ ते १९७३ ‘वृश्चिक’ नावाचं छोटं नियतकालिक चालवलं. गुजरातीत कथा लिहिल्या, नाटक लिहिलं. १९७९ मध्ये इंग्लंडला गेले, बाथच्या कला अकादमीत शिकवलं, चित्रकार हॉवर्ड हॉजकिनकडे राहिले. तिथून त्यांनी आणलेल्या चित्रांत राजवाडे नाहीत, थेम्स नाही. पबमध्ये एकटा बसलेला इंग्रज आहे. रावपुऱ्यातला दुकानदार ज्या नजरेने पाहिला, त्याच नजरेने तोही पाहिला. हॉजकिनने ‘डीलक्स टेलर्स’ आयुष्यभर स्वतःकडे ठेवलं. तो गेल्यावर २०१७ च्या लिलावात ते दहा लाख पौंडांवर गेलं.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्याबद्दल आमच्या बडोद्यात लोक आवाज खाली करून बोलायचे. खख्खर समलिंगी होते. चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी ते दाबून ठेवलं. इंग्लंडमध्ये त्यांनी मोकळेपणाने राहणारी माणसं पाहिली, आणि आईच्या निधनानंतर त्यांनी लपवणं थांबवलं. गांधीजींच्या सत्याच्या आग्रहाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (सगळ्यांना खूश करता येत नाही) आलं, रुंदीला आणि उंचीला जवळपास पावणेसहा फूट. बाल्कनीत एक विवस्त्र माणूस उभा आहे, तो चित्रकार स्वतः. खाली निळ्या उजेडात गाव पसरलंय, आणि त्या गावात बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चालली आहे. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. बाप बसला तरी लोक बोलतात, लेक बसला तरी बोलतात, दोघे बसले तरी बोलतात. ही गोष्ट आम्हाला शाळेत शिकवली तेव्हा तात्पर्य विचारलं होतं, गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. या माणसाने तिच्या आधाराने आपलं सगळं आयुष्य उघडं केलं. मोठ्याने काही जाहीर केलं नाही. नुसता गॅलरीत येऊन उभा राहिला.

पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’ आलं. दोन पुरुष, कपड्यांविना, एकमेकांच्या मिठीत. भोवती काशीतली पूजा, साधू, देवळं, आपापलं चाललेलं. हे चित्र छापील पानावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पान पटकन उलटलं, कारण आमच्या घरात मिठीसुद्धा दार लावून मारायची पद्धत. पुन्हा उघडलं ते बऱ्याच दिवसांनी. मग दिसलं ते वय. त्यांच्या चित्रांतले प्रेमी तरणेबांड क्वचितच असतात. केस पिकलेले, पोट सुटलेलं, खांदे उतरलेले. आपल्याकडच्या प्रेमाच्या चित्रांत राधा-कृष्ण कायम सोळा वर्षांचे. साठीच्या माणसाला कोणीतरी जवळ घ्यावंसं वाटतं, हे कोण रंगवतं? खख्खरांनी रंगवलं, आणि तेही त्याच दुकानदारांच्या, त्याच कारकुनांच्या चेहऱ्यांनी. म्हणून मला त्यांची आधीची चित्रं आणि ही चित्रं वेगळी काढता येत नाहीत. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ छान, पण पुढे ते जरा वाहवत गेले, असं म्हणणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालते. दुकानाचं शटर खाली आल्यावर तो माणूस कुठे जातो, हे ज्याला विचारायचं नाही, त्याला दुकानातला माणूसही दिसलेला नाही.

काळ लक्षात घ्या. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या बाबतीत, सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला सप्टेंबर २०१८ मध्ये. खख्खरांना जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती. म्हणजे ज्या प्रेमाचं चित्र ते गॅलरीत टांगत होते, ते प्रेम त्यांच्या हयातीत कायद्याने गुन्हाच होतं. ‘टू मेन इन बनारस’ २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात पंचवीस लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. माझ्या एका क्लायंटला हे सांगितलं, तर त्याने आधी रुपयांत आकडा काढला, मग चित्र मोबाइलवर पाहिलं, मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि शेवटी म्हणाला, “बेन, मोढुं तो आपणा माणस जेवुं छे.” चेहरा तर आपल्या माणसासारखा आहे.

मानसन्मान भरपूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात चित्रं, २००० मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार. सलमान रश्दींचं त्यांनी काढलेलं व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. २०१६ मध्ये टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिथल्या एका बड्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने अगदी निर्दयपणे झोडपलं. मी तो लेख वाचला. त्याला हात आणि पाय नीट काढलेले हवे होते.

शेवटची वर्षं फार यातनेची गेली. १९९८ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शरीराकडे मायेने पाहिलेल्या माणसाने मग स्वतःच्या आजारी शरीराकडेही नजर वळवली. ‘ॲट द एंड ऑफ द डे द आयर्न इंगट्स केम आउट’ (दिवस संपता लोखंडाच्या लगडी बाहेर आल्या) हे १९९९ चं चित्र आहे. लघवी-संडासच्या वेदना इतक्या थेट, इतक्या लाजेविना रंगवलेल्या मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना त्या नावातलं लोखंड लगेच कळेल. ‘बुलेट शॉट इन द स्टमक’ २००१ चं. ही चित्रं घरात लावता येणार नाहीत, पण एकदा पाहायला हवीत. ८ ऑगस्ट २००३ ला ते बडोद्यातच गेले.

कोणाला कुठून सुरुवात करावी असा प्रश्न असेल तर माझं सांगणं एवढंच. दिल्लीला गेलात तर इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये जा आणि प्लॅस्टिकच्या फुलांचं चित्र सध्या लावलंय का ते आधी फोन करून विचारा. संग्रहातली सगळी चित्रं सगळा वेळ भिंतीवर नसतात. सोमवारी गॅलरी बंद असते. आणि बडोद्याला आलात तर सेव-उसळ खाऊन झाल्यावर मांडवीच्या गल्ल्यांमधून दुपारी दोननंतर एक चक्कर मारा. घड्याळवाले उघडे असतात.